दार न मागणारा कुत्रा

मी त्या तुरुंगाला तुरुंगच म्हणणार. त्यांच्या माहितीपत्रकात 'सुधारगृह' असं छापलेलं असायचं आणि वर एक फोटो: तपकिरी कपड्यातला कैदी, त्याच्या मांडीवर पिवळसर कुत्रा, दोघंही हसताहेत. फोटोखाली 'दोघांनाही दुसरी संधी.' हे पत्रक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी एमएसच्या दुसऱ्या वर्षाला होते, मातीच्या नमुन्यांवर काम करत होते आणि उरलेला सगळा वेळ पत्रकं लिहीत होते. ती सवय पुण्यातल्या कॉलेजपासूनची. धरणग्रस्त, फीवाढ, प्राध्यापकांचा संप, कशावरही मी रात्रीतून एक पान लिहून द्यायचे. पान एकच, कारण दुसरं कुणी वाचत नाही.

इथल्या कॅम्पसवर आमचा एक छोटा गट होता. तुरुंगातल्या मजुरीविरुद्ध. गटात ठरलं की या कुत्र्यांच्या कार्यक्रमावर कुणीतरी आतून बघून लिहावं. माझ्याकडे जुनी का होईना गाडी होती, म्हणून मी. प्राण्यांच्या शेल्टरला ड्रायव्हर हवेच असायचे. कुत्रा शेल्टरमधून उचलायचा, डोंगरापलीकडच्या तुरुंगात पोचवायचा, तीन-चार महिन्यांनी शिकून तयार झाला की परत आणायचा, मग शेल्टर त्याला घर शोधणार. दर सोमवारी आत शिकवणीचा वर्ग भरायचा, त्याला एक ट्रेनर बाई जायच्या. त्यांच्याबरोबर मी.

आत जायचे नियम मला पाठ झाले. तपकिरी कपडे नकोत, ओढणी नको, बांगडी नको, खिशात काही नको. कैद्याला त्याचा गुन्हा विचारायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: बाहेर गेलेल्या कुत्र्याची खबर आत आणायची नाही. कुणी घेतला, कसा आहे, जिवंत आहे की नाही, काही नाही. कारण विचारलं तर 'सुरक्षा.' त्या देशात हा शब्द उच्चारला की पुढचं बोलणं संपतं. महिनोन्महिने ज्या माणसाने त्या जनावराला आपल्या कोठडीत झोपवलं, भरवलं, उलट्या पुसल्या, त्याला ते कुठे गेलं एवढंही कळू नये, ही कसली सुधारणा? कुत्र्याची खबर म्हणजे काही घेणाऱ्याचा पत्ता नव्हे. हे मी ट्रेनर बाईंना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? मी पण इथे परवानगीनेच येते."

आता त्या कुत्र्याबद्दल. काळा, छातीवर पांढरा डाग, एक कान उभा, एक पडलेला. त्याला शिकवणारा कैदी पन्नाशीचा, जाड भिंगाचा चष्मा लावणारा, मला 'मिस' म्हणायचा. बडबड्या अजिबात नव्हता, पण कुत्र्याशी सतत पुटपुटत असायचा. तो कुत्रा त्या तुकडीतला सगळ्यात शिकलेला. बस, थांब, सोड, जवळ ये, सगळं एका शब्दात. आणि दाराशी तर बघत राहावं असा. तुरुंगातली दारं आतल्या माणसाला उघडता येत नाहीत. काचेच्या खोलीत बसलेला शिपाई बटण दाबतो, वर कुठेतरी खट् होतं, मग दार सरकतं. कुत्र्यांना शिकवलेलं असायचं की दारापासून एक पाऊल मागे बसायचं, खट् होईपर्यंत हलायचं नाही, खट् झाल्यावरही हुकूम मिळेपर्यंत हलायचं नाही. परीक्षेत याला वेगळे गुण होते. या कुत्र्याला पैकीच्या पैकी मिळाले.

शेल्टरने त्याला एका कुटुंबाला दिला. मोठं घर, दोन मुलं, मागे अंगण. महिन्याच्या आत परत. कारण एकच दिलं, घरात घाण करतो.

शेल्टरच्या मॅनेजर बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या पिंजरे धुवत होत्या, पाइप हातात तसाच. मी म्हटलं, खोटं आहे, हा कुत्रा कोठडीत महिनोन्महिने राहिला, एकदाही घाण केली नाही.

"ते बोलले ते सांगितलं."

"मग आता?"

"आता अजून एकदा देऊन बघू. दोनदा परत आलेला कुत्रा मी तिसऱ्यांदा कुणाला देत नाही, तुला माहितीये."

माहीत होतं. तिसऱ्यांदा देत नाहीत म्हणजे मागच्या खोलीत नेतात आणि इंजेक्शन देतात. मी तिथेच उभ्या उभ्या त्यांच्याशी भांडायला लागले. कुत्र्याला घर देता, मग त्या घराला परीक्षा का नाही? त्या पोरांना कुणी शिकवलंय का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाइप बंद केला आणि म्हणाल्या, "थँक्सगिव्हिंगला माझी निम्मी माणसं सुट्टीवर आहेत. तुला एवढं वाटतंय ना? मग चार दिवस घेऊन जा."

आमच्या अपार्टमेंटच्या करारात कुत्रा चालत नव्हता. पण थँक्सगिव्हिंगला आमची अख्खी बिल्डिंग रिकामी व्हायची. अमेरिकन मुलं घरी जायची, देशी मुलं न्यू जर्सीला कुणाच्या ना कुणाच्या काकूकडे जेवायला जायची. उरलो आम्ही दोघी. माझी रूममेट नागपूरची, स्टॅटिस्टिक्सवाली. पुढच्याच आठवड्यात तिचा पहिला ऑनसाइट इंटरव्ह्यू होता. सुट्टीत ती आरशासमोर उभी राहून स्वतःचीच मुलाखत घेत होती.

मी कुत्रा आत आणला. आमच्या घरात बाहेरच्या चपला दाराशीच काढायच्या असतात. दोघींच्या मिळून दहा-बारा जोड्या तिथे पसरलेल्या. कुत्रा सरळ गेला आणि त्या चपलांच्या मधोमध, दारापासून एक पाऊल मागे, ताठ बसला.

रूममेट कौतुकाने बघत राहिली. "काय गुणी आहे गं! जावईबापू दारात बसलेत. पाय धुवायला पाणी आण जा."

तेव्हापासून तो जावई. खरं नाव कैद्याने ठेवलेलं होतं, ते मी इथे लिहीत नाही.

त्या दिवशी आम्ही त्याला दोनदा पट्टा लावून बाहेर नेलं, दोन्ही वेळा त्याने नीट कार्यक्रम उरकला. मग जेवलो. मी भांडी घासत होते. जावई परत दाराशी बसलेला. आणि थोड्या वेळाने रूममेटची किंकाळी.

"अगं ए क्रांतिकारी! इकडे ये! तुझ्या कैद्याने माझ्या बुटात केलीये!"

इंटरव्ह्यूचे बूट. काळे, टाचेचे, कोरे करकरीत. डावा पूर्ण भरला होता.

"आणि मांडी घालून बसलेला बघ कसा. जसं काही झालंच नाही. घाल हे तुझ्या पत्रकात! मोठ्या अक्षरात घाल!"

"मी धुऊन देते."

"लेदर धुतात का, यार? मी तिथे जाऊन काय सांगू? माफ करा, बुटाचा वास येतोय तो जावयाचा आहे?"

मला हसू आलं आणि ते तिने बघितलं, त्यामुळे रात्रीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पण मला त्या हसण्यातही एक गोष्ट टोचत होती. घर मोठं नसलं तरी हॉल होता, कार्पेट होतं, कोपरे होते. घाण करणारा कुत्रा कोपरा शोधतो. याने दार सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत बसतात तशी स्वयंपाकघरात बसले आणि काहीही न करता त्याला बघत राहिले. चपला सगळ्या उचलून कपाटावर. दुपारी तो उठला, दाराशी गेला, एक पाऊल मागे बसला. भुंकला नाही. दारावर पंजा मारला नाही. सगळ्यात मुख्य म्हणजे एकदाही वळून आमच्याकडे बघितलं नाही. तो दाराच्या वरच्या चौकटीकडे बघत होता. खट् कुठून होतं, तिकडे. बराच वेळ. मग अंग थरथरायला लागलं. मग मान भिंतीकडे फिरवली आणि बसल्या बसल्याच झालं.

रूममेटही माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "हा मागतच नाही गं."

कुणाकडे मागणार? त्याला शिकवणाऱ्या माणसाच्या हातात दार नव्हतं. कोठडीचं नाही, गल्लीचं नाही, मैदानाचं नाही. दार ठरलेल्या वेळी वरून कुणीतरी उघडायचं आणि तोवर दोघांनी मिळून कळ काढायची. त्या मोठ्या घरातही हा असाच मागच्या दाराशी बसला असणार, आणि लोकांना वाटलं असणार की अंगण बघतोय. इथे पत्रकाला किती सोपी वाक्यं सुचतात! मला लगेच तीन सुचली. पण पत्रक लिहून जावई सुटणार नव्हता. पुढच्या शनिवारी त्याला बघायला एक जण येणार होता.

ट्रेनर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दाराच्या मुठीला घंटी बांधतात, कुत्रा नाकाने हलवतो, शिकायला वेळ लागतो पण शिकतात. स्टेट कॉलेजमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवसांत घंटी कुठे मिळणार? घरात एक होती, देव्हाऱ्यातली. मी नुसती नजर टाकली.

"हात लावून बघ," रूममेट म्हणाली.

मग ती स्वतःच उठली, बॅगेतून घुंगरू काढले. बारावीपर्यंत कथक शिकली होती, दिवाळीच्या कार्यक्रमात नाचायला म्हणून भारतातून आणलेले. ते मांडीवर घेऊन थोडा वेळ बसली. "पायात बांधायच्या आधी नमस्कार करतात यांना. आणि मी कुत्र्याच्या नाकाला देतेय. माझ्या बाईंना कळलं तर त्या बोलणार नाहीत माझ्याशी." असं म्हणत तिने टोकाचे पाच-सहा सोडवले, परकराच्या जुन्या नाडीत ओवले आणि दाराच्या मुठीला कुत्र्याच्या नाकाएवढ्या उंचीवर बांधले.

घुंगरांना पीनट बटर लावायचं. तो चाटायचा, छुम् व्हायचं, की तत्क्षणी मी दार उघडायचे. पहिल्यांदा दार उघडलं तर तो दचकून मागे सरकला. माझ्याकडे बघितलं, मग वर चौकटीकडे. वरून काही न होता दार उघडतं हे त्याच्या बुद्धीला पटेना. आम्ही दोघी आलटून पालटून हेच करत होतो. चाट, छुम्, दार. रूममेट मध्येच स्वतःच्या मुलाखतीची उत्तरं म्हणायची आणि मध्येच "चल रे जावया, वाजव." बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि आमचं हीटिंग सगळं जिन्यात चाललं होतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी अंघोळीला गेले होते. पीनट बटर संपलं होतं. बाहेरून ओरडण्याचा आवाज आला, "वाजवली! अगं, आपल्या आपण वाजवली!" आणि जिन्यात तिच्या पायांचा धडधडाट. मी केस निथळत बाहेर आले तर खिडकीतून दिसलं, बर्फात माझ्या स्लिपर घालून, अंगावर शाल, ती उभी आहे आणि जावई पार्किंगमधल्या झाडाशी एक पाय वर करून. एकदा. पण एकदा म्हणजे शिकला असं नव्हे, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

सोमवारी वर्गाला गेले. खबर आणायची नाही हा नियम मी सही करून कबूल केलेला. म्हणून मी सगळ्या वर्गाला मोघम विचारलं, "तुमचे कुत्रे तुमच्याकडे बाहेर जायचं कसं मागतात?"

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला कळलं तर आम्हालाही सांगा, मिस. आम्ही पण तेच शोधतोय." सगळे हसले, दाराशी उभा शिपाईसुद्धा.

चष्मेवाला हसला नाही. तो म्हणाला, "मागून काय करणार? मी ऐकलं, तरी मी काय करू? आम्ही दोघं बसून राहतो."

मी ट्रेनर बाईंकडे, मग शिपायाकडे वळले. म्हटलं, मैदानाच्या एका दाराला घंटी बांधू, कुत्र्याने वाजवली की काचेतल्या माणसाने बटण दाबायचं, एवढंच. शिपाई म्हणाला, दारं वेळेवर उघडतात, कुत्र्याच्या मर्जीवर नाही. मी नंतर लेखी अर्जही केला. उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव शक्य नाही. म्हणजे बघा: कुत्र्याला घरात राहायला शिकवायचं, पण घरातली पहिली गोष्ट, आपण मागितलं तर कुणीतरी उठून येतं, ही शिकवायची नाही. मग तोच कुत्रा घरातून परत आला की दोष कुत्र्याचा. हे मी तेव्हा पत्रकात लिहिलं. गटातल्या मुलांना ते फार कुत्र्याबद्दल वाटलं, त्यांनी निम्मं कापलं.

वर्ग संपल्यावर रांगेत उभा असताना चष्मेवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "परत आला का तो?"

मी काही बोलले नाही. शिपाई चार हातांवर होता. न बोलणं हेही उत्तरच होतं. त्याने हातातल्या नव्या कुत्र्याचा पट्टा मनगटाला एक वेढा जास्त घेतला आणि दार उघडायची वाट बघत उभा राहिला.

शनिवारी तो माणूस आला. सत्तरीचा, दुधाचा ट्रक चालवून निवृत्त, बायको गेल्या वर्षी वारलेली. जावयाने त्याचे बूट हुंगले आणि बसला. मॅनेजर बाई कागद भरत होत्या. मी मध्ये पडले, कारण कागदावर ही गोष्ट लिहायला जागाच नव्हती.

"हा कुत्रा दार मागत नाही," मी म्हटलं. "गप्प बसतो. दाराशी बसलेला दिसला तर तो ओरडतोय असं समजा. आणि हे मुठीला बांधा." मी घुंगरांची नाडी त्याच्या हातात दिली. "वाजलं की उठायचं. उशीर चालणार नाही."

मॅनेजर बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की गिऱ्हाईक घालवतेस का.

म्हातारा घुंगरू कानाशी हलवून बघत होता. म्हणाला, "माझी बायको अशीच होती. काही बोलायची नाही, नुसती बसायची, आणि मला कळायला हवं. चाळीस वर्षांत मला थोडं थोडं कळायला लागलं होतं." मग कुत्र्याला म्हणाला, "तुला घंटी तरी आहे."

डिसेंबर गेला. रूममेटला दुसरे बूट घ्यावे लागले, नोकरी मात्र मिळाली, शॉमबर्ग नावाच्या गावी. जानेवारीत मी शेल्टरमध्ये दुसरा कुत्रा उचलायला गेले होते तेव्हा मॅनेजर बाईंनी ऑफिसातून हाक मारली. फोनच्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा दूधवाला. म्हणतो कुत्रा दिवसभर घंटी वाजवतो. तूच बोल, घंटीची आयडिया तुझी."

 मागची खोली ऑफिसाला लागूनच होती. मी फोन घेतला.

"घाण करतो का?" मी आधी तेच विचारलं.

"नाही, नाही. एकदाही नाही."

"मग?"

"वाजवतो. मी उठतो, दार उघडतो. हा बाहेर जात नाही. उंबऱ्याशी उभा राहून बाहेर बघतो, माझ्याकडे बघतो, आणि परत जाऊन झोपतो. अर्ध्या तासाने परत. सकाळपासून हेच. माझे गुडघे तसलेच, आणि घरात थंडी शिरते."

"म्हणजे... परत करायचाय?"

 तो जवळजवळ रागावून म्हणाला, "परत कोण म्हणालं? मी विचारतोय की उघडत राहू ना? त्याला जायचं नसतं. उघडतंय की नाही एवढंच बघायचं असतं त्याला, असं मला वाटतं."

मी म्हटलं, "उघडत राहा."

"तेच विचारायचं होतं," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्यानंतरच्या सोमवारी मी वर्गात गेले आणि नियम मोडला. लपूनछपून नाही. शिपाई तिथेच होता, ट्रेनर बाई तिथेच होत्या. चष्मेवाला नव्या कुत्र्याला, एका तपकिरी लांडग्यासारख्या पोरीला, 'थांब' शिकवत होता. मी त्याच्यासमोर जाऊन मोठ्याने सांगितलं की काळा कुत्रा घरात आहे, घाण करत नाही, आणि दिवसभर घंटी वाजवून म्हाताऱ्याकडून दार उघडून घेतो.

ट्रेनर बाईंनी डोळे मिटले. शिपाई कमरेच्या वायरलेसला हात लावून मला म्हणाला, "मॅडम." पण वायरलेस उचलला नाही.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. "दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि तो माणूस उठतो? प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"बाहेर नाही जायचं तरी?"

"तरी."

त्याने चष्मा परत लावला आणि मान हलवली, एखाद्या मास्तरने आपल्या हुशार विद्यार्थ्याचं वाटोळं होताना बघावं तशी. "मग बिघडवणार तो त्याला," तो म्हणाला. "पार बिघडवणार." आणि वाकून नव्या कुत्रीच्या कानाशी पुटपुटायला लागला. त्याचं काय पुटपुटणं चाललंय ते मला ऐकू आलं नाही, पण कुत्रीची शेपटी हलत होती.

माझा आत जायचा पास त्याच आठवड्यात रद्द झाला.